घरात डिमेन्शिया: आधी काय, मग काय

डिमेन्शिया म्हणजे स्मरणशक्ती आणि समज हळूहळू कमी करत नेणारा आजार. तो घरात आला की काय आधी करायचं याचा क्रम बहुतेक घरांत उलटा होतो. आधी आया शोधली जाते, मग झोपेची गोळी सुरू होते, मग दाराला कुलूप लागतं. दोन-तीन वर्षांनी बँकेत सही जुळेनाशी झाली की कागदपत्रांची आठवण येते. तोवर आपण कशावर सही करतोय हे समजण्याची स्थिती उरलेली नसते. म्हणून खालचे टप्पे क्रमाने दिले आहेत. सगळं एका महिन्यात उरकायचं नाही, पण पहिले तीन टप्पे पुढे ढकलू नका.

सोयीसाठी सगळीकडे 'आई' लिहिलं आहे. तुमच्याकडे ते बाबा, सासूबाई, आत्या किंवा नवरा असतील.

## टप्पा १: आधी वही, मग अपॉइंटमेंट

"आई हल्ली विसरते" एवढ्यावरून डॉक्टरांना काही कळत नाही. दोन आठवडे एक वही ठेवा आणि तिच्यात हे लिहा:

1. नेमकं काय घडलं, तारीख-वेळेसह. "विसरली" असं मोघम नको. "चहात साखरेऐवजी मीठ घातलं, सांगितल्यावरही काय चुकलं ते उमगलं नाही", "भाजीवाल्याला पैसे दोनदा दिले", "रोजच्या देवळातून परत येताना रस्ता चुकली", असं लिहा.
2. पहिला बदल कधी जाणवला. वर्ष आठवत नसेल तर सणावरून आठवा. "मागच्या गणपतीत मोदकाच्या पाऱ्या जमल्या नाहीत" ही माहिती डॉक्टरांना "एक-दोन वर्षं झाली असतील" यापेक्षा जास्त उपयोगाची आहे. बदल हळूहळू झाला, एकदम झाला की अधूनमधून पायरी उतरल्यासारखा, हेही लिहा.
3. चालू असलेली सगळी औषधं. काढे, होमिओपॅथीच्या गोळ्या, मेडिकलमधून स्वतः आणलेल्या सर्दीच्या, ॲसिडिटीच्या आणि झोपेच्या गोळ्यासुद्धा. यादी करत बसण्यापेक्षा सगळ्या स्ट्रिप्स एका पिशवीत घालून न्या.
4. गेल्या काही महिन्यांत पडणं, डोक्याला मार, लघवीवरचा ताबा, झोप, चालण्यातला फरक, ऐकू येणं.

डॉक्टरांकडे सोबत जाणारा माणूस चोवीस तास तिच्याबरोबर राहणारा असावा. सुट्टीवर आलेला मुलगा गाडी चालवू दे, पण माहिती सुनेने किंवा वडिलांनी द्यावी. दवाखान्यात आई हमखास छान बोलते, विनोद करते, आणि घरच्यांनाच खोटं पडल्यासारखं वाटतं. वहीतलं पान फोटो काढून किंवा चिठ्ठीने आधीच आत पाठवा. तिच्यासमोर तिच्या चुकांचा पाढा वाचू नका. तेवढ्यावरून ती पुढच्या वेळी यायलाच नकार देते.

आणायचं कसं? "विसरण्याच्या डॉक्टरांकडे जाऊ" म्हणू नका. "बीपी, साखर, सगळी एकदा तपासणी करून घेऊ" हे खोटंही नाही आणि चालूनही जातं.

तपासून पाहा: चष्मा कुठे ठेवला ते विसरणं वयाचं असू शकतं. चष्मा फ्रीजमध्ये ठेवणं आणि तो तिथे असण्यात काही वावगं न वाटणं, हे वयाचं नाही. "म्हातारपण आहे, चालायचंच" म्हणणारे नातेवाईक इथे सर्वांत जास्त वेळ वाया घालवतात.

## टप्पा २: बरं होण्यासारखं कारण आधी शोधा

डिमेन्शियासारखी दिसणारी, पण उपचाराने सुधारणारी कारणं बरीच आहेत. थेट "अल्झायमर आहे" म्हणून घरी येणं ही चूक टाळा. डॉक्टर बहुधा स्वतःच या तपासण्या सांगतात. न सांगितल्यास विचारा: बी-१२, थायरॉईड, सोडियम, साखर, हिमोग्लोबिन, किडनी आणि लिव्हर, शिवाय मेंदूचा सीटी किंवा एमआरआय.

यातली काही आपल्याकडे विशेष लक्षात ठेवण्यासारखी:

- बी-१२. शाकाहारी घर, मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीची रोजची गोळी, यांतलं काही असेल तर कमतरतेची शक्यता वाढते. तिन्ही असतील तर विचारायलाच नको.
- डोक्याला मार. काही आठवड्यांपूर्वी मोरीत पडल्यावर "काही लागलं नाही" म्हणून सोडून दिलं असेल, आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर मेंदूच्या आवरणाखाली हळूहळू रक्त साठलेलं असू शकतं. हे शस्त्रक्रियेने काढता येतं.
- औषधं. सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामिन, अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या गोळ्या आणि लघवीवर ताबा राहण्याची काही औषधं म्हाताऱ्या मेंदूला गोंधळात टाकतात. म्हणून ती पिशवी.
- नैराश्य आणि बहिरेपण. दोन्ही विसरण्यासारखीच दिसतात. नवरा गेल्यानंतर गप्प झालेल्या बाईला आधी मानसोपचार लागेल, ज्याला प्रश्नच ऐकू आला नाही त्याला श्रवणयंत्र.

जायचं कुणाकडे? न्यूरॉलॉजिस्ट, मानसोपचारतज्ज्ञ किंवा वृद्धांच्या आजारांचे तज्ज्ञ, तिघांपैकी कुणीही चालतील. खासगी परवडत नसेल तर मुंबईत केईएम आणि नायर, पुण्यात ससून, आणि बाकीकडे जवळच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचा मानसोपचार विभाग. छोट्या गावातून येत असाल तर आधी जिल्हा रुग्णालयात विचारा.

निदान झालं की एक प्रश्न जरूर विचारा: कोणत्या प्रकारचा? अल्झायमर, रक्तवाहिन्यांचा, ल्युई बॉडी, फ्रंटोटेम्पोरल, यांची वागणूकही वेगळी आणि औषधंही. ल्युई बॉडी प्रकारात आईला नसलेली माणसं किंवा प्राणी दिसतात, चालणं मंदावतं, आणि हॅलोपेरिडॉलसारखी भास थांबवणारी औषधं गंभीर त्रास देऊ शकतात. आजाराच्या प्रकाराचं नाव फाईलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीतल्या नव्या डॉक्टरांना ते कुणी तोंडी सांगत बसणार नाही.

डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन, मेमँटिन यांतलं काही लिहून दिलं तर अपेक्षा माफक ठेवा. त्यांनी आठवणी परत येत नाहीत. काहींच्या बाबतीत घसरण थोडी सावकाश होते. डोनेपेझिलने सुरुवातीला मळमळ, जुलाब, विचित्र स्वप्नं आणि कधी नाडी मंद होणं संभवतं. चक्कर आली तर वाट पाहू नका, कळवा.

सावधान: शेजारच्या काकांना लागू पडलेली "शांत झोपेची गोळी" आईला देऊ नका. डिमेन्शियातल्या वृद्धांमध्ये मानसिक आजारांवरच्या काही औषधांनी पक्षाघात आणि मृत्यूचा धोका वाढतो. गरजच पडली तर ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, कमीत कमी मात्रेत आणि ठरावीक मुदतीसाठीच द्यायची असतात.

## टप्पा ३: समज आहे तोवर कागदपत्रं

हा सगळ्यात जास्त चुकणारा टप्पा, म्हणून इथे जरा थांबू.

लोकांचा पक्का समज असतो की "आईकडून पॉवर ऑफ ॲटर्नी करून घेतली की झालं". होत नाही. भारतीय करार कायद्याच्या कलम २०१ नुसार, अधिकार देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की मुखत्यारपत्र आपोआप संपतं. म्हणजे ज्या दिवसासाठी ते केलं, नेमकं त्याच दिवसापासून ते निरुपयोगी. त्यानंतर फ्लॅट विकायचा किंवा मोठी ठेव मोडायची असेल तर उच्च न्यायालयात पालक नेमून घेण्यासाठी अर्ज करावा लागतो. मुंबई उच्च न्यायालयाने असे आदेश दिलेले आहेत, पण त्यात वकील, वैद्यकीय मंडळाचा अहवाल आणि बराच वेळ जातो. म्हणून हा क्रम धरा:

1. रोजचा पैसा. आईच्या पेन्शनच्या किंवा बचत खात्यात विश्वासू व्यक्तीचं नाव 'ईदर ऑर सर्व्हायव्हर' पद्धतीने (म्हणजे दोघांपैकी कुणालाही एकट्याने व्यवहार करता येईल असं) घाला. पेन्शन खात्याचे नियम वेगळे असू शकतात, शाखेत विचारून घ्या. मुदत ठेवी, पोस्टातली खाती, लॉकर, सगळीकडे तेच.
2. नॉमिनी. सगळीकडे भरलेला आहे का पाहा. नॉमिनीला पैसे मिळतात, मालकी नव्हे. ती मृत्युपत्राने किंवा वारसाहक्काने ठरते. भावंडांत याच गैरसमजावरून भांडणं होतात.
3. मृत्युपत्र. दोन साक्षीदार लागतात, आणि ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका. नोंदणी सक्तीची नाही, पण डिमेन्शियाचं निदान झालेलं असताना ती करावीच. त्याच दिवसाचं, किंवा एक-दोन दिवस आधीचं, "व्यक्तीला व्यवहार समजतो" असं डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडा. सुरुवातीच्या टप्प्यात निदान झालं म्हणून मृत्युपत्र करता येत नाही असं नाही. सही करताना समज असली पाहिजे.
4. उपचारांबाबतची इच्छा. शेवटच्या टप्प्यात व्हेंटिलेटर हवा का, नळीने अन्न हवं का, हे आईलाच विचारा. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अशा पूर्वसूचनेला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर ती करता येते. विषय काढायला अवघड आहे, मान्य. पण तिने सांगितलेलं असलं की आयसीयूच्या दाराशी भावंडांना अंदाज बांधत बसावं लागत नाही.
5. मोबाईल. यूपीआयची मर्यादा कमी करा किंवा ते बंदच करा. ओटीपी येणारा नंबर कुणाच्या हातात असावा ते ठरवा. "बँकेतून बोलतोय" म्हणणाऱ्याला आई अतिशय नम्रपणे सगळं सांगून टाकते.
6. हयातीचा दाखला. नोव्हेंबर उजाडण्याआधी डिजिटल जीवन प्रमाण किंवा घरी येणाऱ्या बँक-पोस्ट सेवेची सोय लावून ठेवा. थंडीत आजारी आईला रांगेत उभं करण्याची वेळ येऊ देऊ नका.

आयकर भरणाऱ्या घरांनी सीएला विचारावं: जुन्या करप्रणालीत ठरावीक आजारांच्या खर्चावर वजावट मिळते आणि न्यूरॉलॉजिस्टने ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व प्रमाणित केलेला डिमेन्शिया त्या यादीत आहे.

सावधान: समजत नसलेल्या माणसाचा हात धरून अंगठा उठवणं हा उपाय नाही. तो कागद पुढे कोर्टात टिकत नाही, आणि घरातलाच कुणीतरी तो आव्हानाला घेऊन जातो.

## टप्पा ४: घर, एका फेरीत

कागद आणि पेन घेऊन घरभर एकदा फिरा. सगळं नव्याने करू नका. फर्निचर हलवलं की आईचा उरलासुरला नकाशाही जातो.

स्वयंपाकघर: ओट्यावरचं बटण नव्हे, सिलिंडरचा रेग्युलेटर रोज रात्री आणि घराबाहेर पडताना बंद. पाईपगॅस असेल तर त्याचा कॉक. फिनाईल, ॲसिड आणि रॉकेल वरच्या कपाटात कुलपात. सरबताच्या बाटलीत फिनाईल भरून ठेवायची सवय आजच सोडा.

मोरी आणि संडास: आतली कडी काढून टाका, ती आतून लावून घेते आणि उघडायचं विसरते. कमोडशेजारी आणि नळापाशी धरायला दांडा, खाली न घसरणारी मॅट. दारावर शब्द नको, कमोडचं चित्र लावा. रात्री तिथपर्यंत छोटा दिवा चालू ठेवा. पांढऱ्या फरशीवरचं पांढरं कमोड तिला दिसतच नाही असं होतं, म्हणून सीटचं झाकण गडद रंगाचं घ्या.

देवघर: इथे घरातले लोक कच खातात, कारण आईची पूजा थांबवायची नसते. थांबवूही नका. समई आणि निरांजनाऐवजी विजेचा दिवा लावा, उदबत्ती कुणीतरी सोबत असतानाच. फुलं वाहणं, घंटा, आरती तसंच राहू दे. साडीचा पदर समईवर जाणं ही गंमत नाही.

गॅलरी, दारं, आरसे: गॅलरीला जाळी. मुख्य दाराला नजरेच्या वरच्या उंचीवर जास्तीची कडी, म्हणजे ती तिच्या सहज लक्षात येत नाही. आरशातली "ती दुसरी बाई" घाबरवत असेल तर आरशावर पडदा.

गावाकडच्या घरात यादी वेगळी होते: उघडी विहीर, चूल, गोठा, कीटकनाशकांच्या बाटल्या, आणि कधीच बंद न होणारं पुढचं दार. पण गावाकडे एक फायदाही असतो, आजी कुठल्या गल्लीत गेल्या ते चारजण सांगतात.

## टप्पा ५: बोलण्याची पद्धत बदला

यासाठी पैसे लागत नाहीत, आणि घरातली निम्मी भांडणं इथेच मिटतात.

परीक्षा घेऊ नका. घरी येणारा प्रत्येक पाहुणा "ओळखलंत का मला? सांगा पाहू मी कोण?" असं विचारतो. दारातच सांगून ठेवा: स्वतःचं नाव सांगा. "काकू, मी सुधा, नाशिकची." एवढं पुरतं.

एका वेळी एकच वाक्य. "उठ, आंघोळ कर, मग जेव, आपल्याला बाहेर जायचंय" यातलं शेवटचंच उरतं. "चल, उठू या." ती उठली की मग पुढचं.

दुरुस्त करू नका, बाजूला वळवा. नेहमीच्या तीन प्रसंगांत काय म्हणायचं ते घरात सगळ्यांनी ठरवून ठेवा:

- *"मला घरी जायचंय."* हे तिचंच घर असतं. "अगं, हेच तर घर!" म्हटल्याने ती अधिक घाबरते. "हो, जाऊ. आधी चहा घेऊ. तुमच्या त्या घरी अंगणात काय होतं गं?" असं विचारा. ती बहुधा लहानपणच्या घराबद्दल बोलत असते.
- *"माझ्या बांगड्या बाईने चोरल्या."* मोलकरणीला आणि आयाला या आजाराची कल्पना आधीच द्या, नाहीतर चांगली माणसं सोडून जातात. खरे दागिने लॉकरमध्ये ठेवा. हातात दिसण्यापुरते साधे ठेवा. मग "चल, आपण दोघी शोधू" म्हणा आणि खरोखर शोधा.
- *"हे कुठे आहेत? अजून आले नाहीत?"* वडिलांना जाऊन वर्षं झालेली असतात. प्रत्येक वेळी "ते वारले" सांगितलं तर प्रत्येक वेळी तिला नव्याने धक्का बसतो. "कामाला गेलेत" किंवा "त्यांची आठवण येतेय का?" यांपैकी जे तुमच्या मनाला पटेल ते. खोटं बोलायचं नसेल तर दुसरं चालतं.

शेजाऱ्यांनाही सांगून ठेवा. जेवणानंतर अर्ध्या तासाने "सून मला जेवायला देत नाही" हे वाक्य जिन्यात ऐकू येणारच आहे. सुनेची बाजू शेजाऱ्यांपर्यंत आधी पोचलेली बरी.

## टप्पा ६: दिवसाचा साचा

वेळापत्रक तुमच्या सोयीने नाही, तिच्या जुन्या सवयीने ठरवा. आयुष्यभर पहाटे उठणाऱ्या बाईला नऊपर्यंत झोपवून ठेवलं की रात्र तुमच्या अंगावर येते.

मधल्या वेळेत हाताला काम द्या: मटार सोलणं, मेथी निवडणं, वाती वळणं, रुमालांच्या घड्या. मेथी अर्धी काड्यांसकट आली तरी काही बिघडत नाही. नंतर गुपचूप पुन्हा निवडा. लहानपणी पाठ केलेली स्तोत्रं, पाढे, ओव्या खूप उशिरापर्यंत शाबूत राहतात. तिने सुरुवात करावी म्हणून तुम्ही पहिली ओळ म्हणा.

आंघोळ. बहुतेक घरांत दिवसातली पहिली लढाई हीच. क्रम असा:

1. बादलीत गरम-गार पाणी आधीच मिसळून ठेवा. आई मोरीत आल्यावर गीझर चालू करू नका. कोपराने तपासा.
2. साबण, टॉवेल आणि घालायचे कपडे त्याच क्रमाने मांडून ठेवा.
3. प्लास्टिकची, हात असलेली खुर्ची.
4. पाणी आधी पायावर, मग हातावर, मग पाठीवर. डोक्यावरून एकदम तांब्या ओतला की ती किंचाळते.
5. अंगावर टॉवेल राहू द्या. मुलाने आईला आंघोळ घालायची वेळ आली तर ही लाज जपणं फार महत्त्वाचं आहे.
6. नाही म्हणाली तर वीस मिनिटांनी पुन्हा विचारा. त्या दिवशी नुसतं अंग पुसलं तरी चालतं. रोज आंघोळ झालीच पाहिजे हा नियम आपल्या समाजाचा आहे, त्वचेचा नाही.

नऊवारी किंवा पाचवारी आवरेनाशी झाली की समोरून बटणांचा गाऊन, वडिलांसाठी इलॅस्टिकचा पायजमा. सणाला साडी नेसवा, फोटो काढा, मग बदला.

खाणं. ताटात एका वेळी एक-दोनच पदार्थ. चार वाट्या, कोशिंबीर, लोणचं असं भरलेलं पान पाहून ती गोंधळते. मेतकूट-भात, वरण-भात, उपमा, दुधात भिजवलेली पोळी. ठसका लागायला लागला की चिवडा, शेंगदाणे, चुरमुरे, कोरडी पोळी बंद. पाणी आणि चहासारखे पातळ पदार्थ घशात जास्त चुकतात; जाडसरपणा किती हवा ते डॉक्टरांना किंवा स्पीच थेरपिस्टना विचारा. भरवताना ती ताठ बसलेली हवी, आडवी कधीच नाही. संपल्यावर गालात घास उरलाय का पाहा आणि अर्धा तास बसवून ठेवा.

लघवी-शौच. दर दोन तासांनी आपणहून घेऊन जा; "लागलीये का?" विचारू नका, उत्तर "नाही"च येतं. ओल्या कपड्यांच्या भीतीने पाणी तोडलं की बद्धकोष्ठ आणि लघवीचा संसर्ग दोन्ही होतात. दिवसभर पाजा, संध्याकाळी सातनंतर कमी करा.

तपासून पाहा: आई एक-दोन दिवसांत एकदम बिघडली, जास्त बरळायला लागली किंवा सुस्त पडली, तर "आजार वाढला" असं समजू नका. डिमेन्शिया सहसा असा दोन दिवसांत वाढत नाही. लघवीचा संसर्ग, न्यूमोनिया, बद्धकोष्ठ, सोडियम कमी होणं, नवं औषध किंवा पडून लागलेला मार, यांतलं काहीतरी बहुधा असतं. त्याच दिवशी डॉक्टर.

## टप्पा ७: संध्याकाळ आणि रात्र

दिवे लागणीच्या सुमाराला येरझाऱ्या, रडणं, चिडणं वाढतं. उपाय संध्याकाळी सुरू केले तर उशीर झालेला असतो. दुपारची झोप अर्ध्या तासावर आणा, सकाळी ऊन आणि चालणं द्या, दुपारनंतर चहा बंद किंवा बिनकॅफिनचा. सूर्य मावळण्याआधीच घरातले सगळे दिवे लावा. सावल्या दिसल्या की भास वाढतात. टीव्हीवरच्या आरडाओरडीच्या बातम्या आणि मालिकांतली भांडणं तिला आपल्याच घरात चालली आहेत असं वाटतं. तिच्यासमोर ती नकोतच.

रात्री उठली तर वाद नको. संडास, पाण्याचे दोन घोट, आणि परत पांघरूण. आई मारायला धावली तर हात धरू नका. दोन पावलं मागे जा, दार उघडं ठेवा, दुसऱ्या माणसाला पुढे येऊ द्या. मग शोधा: दुखतंय का, लघवी तुंबलीये का, कवळी टोचतेय का. तिला सांगता येत नाही, म्हणून ती मारते.

## टप्पा ८: हरवण्याआधीची आणि नंतरची तयारी

आधी: प्रत्येक कपड्याच्या आत फोन नंबर शिवा. गळ्यात किंवा मनगटात नंबर कोरलेली पट्टी किंवा क्यूआर कोडचं लॉकेट. दर काही महिन्यांनी नवा, चेहरा स्पष्ट दिसणारा फोटो मोबाईलमध्ये. वॉचमन, किराणावाला, कोपऱ्यावरचा रिक्षास्टँड आणि इस्त्रीवाला, यांना आई दाखवून ठेवा. "एकटी दिसली की बोलवून बसवा आणि मला फोन करा."

हरवली तर:

1. पहिली दहा मिनिटं घर, गच्ची, पार्किंग, लिफ्ट, बंद खोल्या.
2. लगेच ११२ वर फोन आणि जवळच्या पोलीस ठाण्यात मिसिंगची नोंद. चोवीस तास थांबावं लागतं हा गैरसमज आहे.
3. एक माणूस घरीच थांबवा. बऱ्याचदा ती स्वतः परत येते आणि दाराला कुलूप असतं.
4. बाकीच्यांनी जुन्या वाटा धरायच्या: पूर्वीचं ऑफिस, माहेरची चाळ, नेहमीचं देऊळ, एसटी स्टँड, लोकलचं स्टेशन.
5. सोसायटीच्या ग्रुपवर फोटोसोबत आज अंगावर काय होतं तेही लिहा.

सापडल्यावर ओरडू नका. तिला काय झालं ते माहीत नसतं, फक्त तुमचा चेहरा दिसतो.

## टप्पा ९: मदतनीस आणि घरातली वाटणी

ब्युरोतून मावशी किंवा ब्रदर घेताना बारा तास की चोवीस, जेवण कुणाचं, सुट्टी कधी, बदली माणूस कोण, हे लेखी घ्या. ओळखपत्राची प्रत आणि पोलीस पडताळणी. पहिले काही दिवस घरातला माणूस सोबत असलाच पाहिजे. पहिल्याच दिवशी नव्या माणसाच्या हवाली करून ऑफिसला गेलात तर आई तिला घरात घुसलेली परकी बाई समजते.

त्यांना एक पान लिहून द्या: आईला काय म्हणून हाक मारायची, चहा कसा लागतो, कशाने चिडते, कशाने हसते, आंघोळीची वेळ, औषधं, फोन नंबर. त्याखाली रोजची नोंद: जेवली किती, शौच झालं का, झोप, पडली का. ही वही तुम्ही रोज वाचता हे मावशींना दिसलं पाहिजे.

आता भावंडं. एकाच्या, म्हणजे बहुधा सुनेच्या किंवा अविवाहित मुलीच्या, गळ्यात सगळं येतं आणि बाकीचे "काही लागलं तर सांग" म्हणतात. अशा माणसाला सांगा, नेमकं सांगा. पुण्यातल्या भावाकडे महिन्यातला एक शनिवार-रविवार. न्यू जर्सीतल्या बहिणीकडे औषधांची ऑनलाईन ऑर्डर, विम्याचे कागद आणि आयाचा पगार. वेळेच्या फरकाचा फायदा घेऊन रात्री जागणाऱ्या आईशी तिचा व्हिडिओ कॉल. ज्याच्या वाट्याला काम नाही त्याने सल्ला द्यायचा नाही, असा नियम ठेवलेल्या घरांत शांतता जास्त असते.

सांभाळणाऱ्या माणसाला आठवड्यातला अर्धा दिवस घराबाहेर मिळालाच पाहिजे, आणि तो "जमलं तर" नको, वार ठरवून. झोप उडाली, आईवर हात उचलावासा वाटला, सतत रडू येतंय, यांतलं काही झालं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनच्या १४४१६ वर मराठीतही बोलता येतं. ज्येष्ठांच्या बाकीच्या अडचणींसाठी एल्डरलाईन १४५६७ आहे.

## टप्पा १०: अंथरुणाला खिळल्यावर

दर दोन तासांनी कूस बदला आणि माकडहाड, टाचा, घोटे, खांदे रोज उजेडात पाहा. लालसरपणा दाबल्यावर जात नसेल तर ती जखमेची सुरुवात आहे. त्या जागेवर भार बंद, डॉक्टरांना फोन. लाल जागी जोरात मालिश करू नका. हवेची गादी घेतली तरी कूस बदलणं सुटत नाही. डायपर दर काही तासांनी तपासा, शौच झाल्यावर लगेच बदला, पुसताना पुढून मागे. तोंड रोज ओल्या मऊ कापडाने स्वच्छ करा.

खाणं कमी झालं की नाकातून नळी घालण्याचा आग्रह नातेवाईक धरतात. डिमेन्शियाच्या शेवटच्या टप्प्यात नळीने आयुष्य वाढतं किंवा ठसका थांबतो असं दिसलेलं नाही. वयोवृद्धांचे तज्ज्ञ सहसा चमच्याने, सावकाश, जेवढं घेईल तेवढं भरवायला सांगतात. टप्पा ३ मध्ये तिने काही लिहून ठेवलं असेल तर तो कागद आता फाईलच्या सगळ्यात वर आणा, आणि फॅमिली डॉक्टरांना त्याची एक प्रत आधीच देऊन ठेवा.